तांब्याची पाटी आणि गोड्या पाण्याची विहीर

स्मरणिकेत आठवणी लिहिण्याची प्रथा आहे. आम्ही तिघे या शाळेच्या एकाच तुकडीतील माजी विद्यार्थी असल्यामुळे आठवणी आमच्यापाशीही पुष्कळ आहेत. तथापि या अंकासाठी आम्ही आमच्या एका कामाची हकिकत लिहून पाठवीत आहोत. हे काम आहे घरच्या घरी पीसीबी तयार करण्याचे. रेडिओ किंवा चार्जर उघडल्यावर आत तांब्याच्या रेघांचे जाळे असलेली जी पाटी दिसते, तीच पीसीबी. ती कारखान्यातच होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमची पाटी देवबागच्या एका पडवीत होते आणि तिचे प्रयोजनही त्या घराच्या विहिरीत आहे.

ज्यांनी देवबाग पाहिले आहे त्यांना विहिरीचा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी वाळूची पट्टी. या वाळूत पावसाचे जे पाणी मुरते ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण गोडे पाणी वजनाने किंचित हलके असते. भूजलशास्त्राचा एक ठोकताळा आहे : गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून जितकी वर, त्याच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत गोडे पाणी खाली टिकून राहते. म्हणजे वरची पातळी एक फूट उतरली, की खालचे खारे पाणी कालांतराने ४० फूट वर सरकू पाहते. पूर्वी राजूने पाणी शेंदणारा माणूस हात दुखले की थांबत असे. विजेच्या पंपाचे हात दुखत नाहीत. वैशाखात पंप तासभर अधिक चालला, तर पाण्याची चव बदलते आणि एकदा बदललेली चव पुढचा पाऊस येईपर्यंत परत येईलच, याची शाश्वती नसते.

म्हणून आम्हांला असे एक यंत्र हवे होते, जे विहिरीतील पाणी ठरावीक पातळीखाली गेले की पंप आपणहून बंद करील. रचना साधी आहे. विहिरीत स्टेनलेस स्टीलच्या तीन सळया सोडायच्या : एक तळाजवळ, दुसरी पंप थांबावा त्या पातळीला आणि तिसरी तो पुन्हा सुरू होण्यास हरकत नाही त्या पातळीला. पाण्यातून अत्यल्प वीज वाहते, त्यावरून ५५५ क्रमांकाची आयसी पातळी ओळखते आणि रिले चालवते. या आयसीची रचना हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ साली केली. ती आजही लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत सहज मिळते. पाटीवर फक्त १२ व्होल्टचा भाग ठेवायचा. पंपाच्या २३० व्होल्टच्या जोडण्या परवानाधारक वायरमननेच करायच्या, हा आमचा पहिल्यापासूनचा नियम आहे.

एकच यंत्र करायचे असते, तर सुट्या तारा जोडूनही भागले असते. परंतु समुद्राच्या खाऱ्या हवेत उघड्या तारांच्या सांध्यांवर हिरवट गंज चढतो आणि शेजारची घरेही यंत्र मागू लागली. एकसारख्या आठ-दहा पाट्या हव्यात, तर छापाचाच मार्ग धरणे श्रेयस्कर होते.

छापील पाटीची कल्पना ज्याला सुचली, त्या पॉल आयस्लर यांचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांनी जाणून घेण्याजोगे आहे. १९०७ साली व्हिएन्ना येथे जन्मलेल्या या अभियंत्याला, तो ज्यू असल्यामुळे, स्वतःच्या देशात अभियंत्याचे काम मिळेना. १९३६ साली तो इंग्लंडला गेला आणि लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील भाड्याच्या खोलीत राहून त्याने छापील मंडलावर चालणारा रेडिओ तयार केला. कागदावरचा छाप उष्णतेने पक्का करण्याची विद्याही अशाच एका भाड्याच्या जागेतली. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन यांनी त्या दिवसाची तारीख आणि अस्टोरिया हे नाव पहिल्यांदा भुकटीने कागदावर उमटवले. आपण ज्याला आज सरसकट ‘झेरॉक्स’ म्हणतो, त्याचा तो उगम. या दोन विद्यांची गाठ घालून घरगुती पीसीबी तयार होते.

कृती अशी. आराखडा संगणकावर काढून लेझर प्रिंटरवर गुळगुळीत, चकचकीत कागदावर छापून घ्यावा. शाईचा प्रिंटर येथे निरुपयोगी, कारण खरे काम टोनरचे आहे आणि टोनर म्हणजे प्लॅस्टिकची बारीक काळी भुकटी. छाप उलटा हवा : कागदावर अक्षरे आरशात दिसावी तशी उलटी दिसली, तरच तांब्यावर ती सुलटी उमटतात. आम्ही प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात ‘देवबाग’ लिहितो. हौस म्हणूनही आणि पारख म्हणूनही.

तांब्याचा पत्रा चढवलेली कोरी पाटी प्रथम निर्मळ करावी लागते. आमच्याकडे तांब्याचे हंडे आमसुलाने घासतात. तोच उपाय येथे चालतो. मग बारीक घासणीने एकदा घासून, धुऊन, पुसून, तिला बोटांचा स्पर्श होऊ देऊ नये. कागदाची छापील बाजू तांब्यावर ठेवून, वाफ न सोडणारी इस्त्री सुती कपड्याइतकी तापवून तीन ते पाच मिनिटे दाबून फिरवावी. टोनर वितळतो आणि तांब्याला चिकटतो. पाटी निवली की पाण्यात भिजत ठेवावी व कागद अंगठ्याने हलके हलके चोळून काढावा. येथे घाई चालत नाही. कागद ओढला की रेघही निघून येते. तुटलेली रेघ पक्क्या शाईच्या मार्करने सांधता येते. पावसाळ्यात कागद ओल धरतो, म्हणून आषाढ-श्रावणात तो आधी इस्त्रीखालून काढून घ्यावा.

यानंतर पाटी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात जाते. टोनरखालचे तांबे सुरक्षित राहते, उघडे तांबे विरघळते. भांडे प्लॅस्टिकचे असावे; ॲल्युमिनियमचे मुळीच नको, त्याला हे द्रावण झपाट्याने खाते. डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे, पडवीत वारा. भुकटी पाण्यात थोडी थोडी घालावी, कारण ती विरघळताना पाणी तापते. भांडे हलवत राहिल्यास अर्ध्या तासाच्या आत काम होते. पुढे पाटी धुऊन, टोनर थिनरने पुसून, एक मिलिमीटरच्या आसपासची भोके पाडावीत, सुटे भाग बसवून डाख द्यावा आणि खाऱ्या हवेपासून रक्षण म्हणून वर वॉर्निशचा हात फिरवावा.

येथवरची माहिती अनेक ठिकाणी मिळेल. हा लेख लिहिण्याचे कारण पुढे आहे.

पहिल्या पाटीची सगळी सामग्री पडवीत मांडली होती. द्रावण अजून कालवायचे होते. आमच्यापैकी एकाची आई तांदूळ निवडत बसली होती. तिने एवढेच विचारले, “मगे ह्या पाणी खंय ओततलास?”

विहीर पडवीपासून पंधरा पावलांवर. खाली वाळू, म्हणजे ओतलेले सारे थेट पाण्याशी जाणार. पलीकडे खाडी, जिथे वाडीतल्या बाया ओहोटीला तिसऱ्या आणि कालवे काढतात. वापरलेल्या द्रावणात विरघळलेले तांबे असते आणि शिंपल्यांतील जिवांना व मासोळीच्या पिलांना ते थोडक्या प्रमाणातही घातक ठरते. ज्या विहिरीचे गोडेपण राखण्यासाठी यंत्र करावयाचे, तिच्याच पाण्यात त्या यंत्राचे विष सोडणे, याला काय म्हणावे? उत्तर सापडेपर्यंत आम्ही भुकटीची पिशवी उघडली नाही. पहिली पाटी त्यामुळे तीन आठवडे लांबली.

जी रीत बसवली ती येथे नोंदवतो. द्रावण एकदाच वापरून टाकायचे नाही. ते गडद हिरवट होऊन अगदी मंदावेपर्यंत पुन्हा पुन्हा वापरायचे. मग त्यात लोखंडाचे जुने खिळे सोडायचे. लोखंड द्रावणात जाते आणि तांबे तांबूस थर होऊन बाहेर येते. नंतर धुण्याचा सोडा चिमटी-चिमटीने, फेस बसू देत घालायचा. उरलेले धातू गाळ होऊन तळाशी बसतात. वरचे पाणीही जमिनीवर न ओतता पसरट टबात, शिरोड्याच्या मिठागरात आटते तसे, उन्हात आटवायचे. गाळ व क्षार सिमेंटमध्ये कालवून जुन्या डब्यात घट्ट करून ठेवायचे. पाटीचे पहिले धुणेही याच डब्याच्या वाटेने जाते. आजवर अकरा पाट्या झाल्या आणि त्यांचा सारा अवशेष दोन लहान डब्यांत आहे. ते डबे विहिरीपासून दूर, कोरड्या फळीवर, तारीख व नाव लिहून ठेवले आहेत.

वसतिगृहात आपले ताट आपण घासण्याचा नियम होता. लहानपणी तो आम्हांला केवळ शिस्तीचा वाटे. आता त्याचा अर्थ अधिक पोहोचतो : आपण जे सांडू ते दुसऱ्या कोणीतरी उचलावे, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे. आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे सांडलेले उचलले. त्यांच्या नातवंडांनी हाती रसायन घेताना हे विसरू नये.

पालकांनी मुलांना असे उद्योग करू द्यावेत. मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, पण करू द्यावेत. आणि शाळेत पुढेमागे इलेक्ट्रॉनिक्सची लहानशी कार्यशाळा उभी राहिली, तर आम्ही तिघे इस्त्री, कोऱ्या पाट्या आणि आमचा वेळ घेऊन येऊ. तिथे पहिल्या दिवशी मात्र पाटी होणार नाही. पहिल्या दिवशी मुलांबरोबर बसून त्या पाण्याचा डबा कुठे ठेवायचा, ते ठरवू.