डॉक्टर म्हणतात "चाला"... पण कुठे आणि कसं?



"रोज अर्धा तास चालणे." गेली वीस-बावीस वर्षं मी हे वाक्य जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी लिहितोय. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे मी दोनदा समजावून सांगतो. चालण्यासाठी मात्र एवढी एकच ओळ. ती किती अपुरी आहे, हे मला दवाखान्यात नाही, घरातच कळलं.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, चाळीसगाव तालुक्यातले शेतकरी. वय ७१. दरवर्षी नवरात्रात गावाहून पाटणादेवीला पायी जाणारे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर त्यांना हार्ट अटॅक आला. वेळेत अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला आणि पाचव्या दिवशी मी त्यांना जळगावला माझ्या घरी आणलं. त्याच दिवशी हुकूम सोडला, "आप्पा, आता फक्त आराम."

मग काय! पाणी हातात, ताट हातात, चपलासुद्धा पायाशी. संडास-बाथरूम सोडलं तर आप्पा ओट्यावरच्या खुर्चीत. असे दोन महिने गेले. वजन चार किलोंनी वाढलं. पाच पायऱ्या चढल्या तरी धाप लागू लागली. गावाकडचा फोन आला तरी हरभरा कसा आहे, हे विचारेनासे झाले. एका संध्याकाळी मला म्हणाले, "भाऊ, मी जगतोय का नुसता जपून ठेवलाय मला?"

मंडळी, डॉक्टर म्हणून मला सगळं माहीत होतं. मुलगा म्हणून मी घाबरलो होतो. अशी चूक अनेक घरांत प्रेमापोटीच होते, म्हणून आज हे लिहितोय.

नुसत्या आरामाने काय होतं?

आपल्या मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू वापरले नाहीत तर काही दिवसांतच अशक्त होऊ लागतात, आणि म्हाताऱ्या माणसात हे जास्त वेगाने होतं. अशक्त स्नायूंना तेवढ्याच कामासाठी जास्त रक्त लागतं, म्हणजे ओझं पुन्हा हृदयावरच येतं. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. शिवाय काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी मधुमेहींना फायदा होतो. हार्ट अटॅकनंतर गुंतागुंत नसेल तर हॉस्पिटलमध्येच पेशंटला थोडं थोडं चालवायला सुरुवात करतात, ती याचसाठी.

ही कल्पना नवीन नाही. १८८० च्या दशकात जर्मनीत म्युनिकच्या डॉ. अर्टेल यांनी हृदयाच्या रोग्यांसाठी 'टेरेनकुर' नावाचा उपचार मांडला. आधी सपाट वाट, मग हलका चढ, मग जरा जास्त चढ, असं मोजूनमापून चालायचं. तिथल्या आरोग्यधामांत त्यासाठी चढानुसार वाटा ठरवल्या गेल्या. त्या काळात हृदयरोग्याला 'हलू नका' सांगण्याचाच रिवाज होता, म्हणून हे धाडसच. त्यांचं सगळंच आज मान्य नाही. ते पाणी फार कमी प्यायला लावत, आणि आपल्या खान्देशात तसं केलं तर उन्हाळ्यात माणूस चक्कर येऊन पडेल! पण वाट हेच औषध आणि चढ ही त्याची मात्रा, हा विचार टिकला.

आमचं साधं गणित

मी आप्पांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोललो, इको करून घेतला आणि जानेवारीत सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात अंगणात आणि गल्लीत ५ मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. मग दर आठवड्याला एका वेळेची ५ मिनिटं वाढवायची. सहाव्या आठवड्यात एका दमात ३० मिनिटं झाली. ३० मिनिटं आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे १५० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान एवढाच मध्यम व्यायाम सांगते.

चौथ्या आठवड्यात गल्ली सोडून आम्ही मेहरूण तलावावर गेलो. तिथे फरक दिसला. गल्लीत आप्पा घड्याळ बघत चालायचे. तलावावर पाणी, पक्षी आणि बोरं बघत चालू लागले. घरी यायची घाई मलाच असायची.

फेब्रुवारीच्या शेवटी तेच म्हणाले, "चाल, देवीले जाऊत."

पाटणादेवीची वाट

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत, चंडिकादेवीचं हे जुनं दगडी मंदिर आहे. भोवती गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, ते १९८६ मध्ये जाहीर झालं. थोर गणिती भास्कराचार्यांचं नाव या परिसराशी जोडलेलं आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढला, असं सांगणारा शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०६-०७ च्या सुमाराचा शिलालेख पाटण्याला सापडला.

आम्ही सकाळी साडेसातला पोचलो. दर्शन घेतलं आणि धवलतीर्थाकडे जाणाऱ्या जंगलवाटेला लागलो. ठरलं होतं, वीस मिनिटं पुढे आणि वीस मिनिटं मागे. पानगळ झालेली, पायाखाली वाळका पाचोळा, मधेच अंजनाची झाडं. आप्पा पुढे, मी मागे. माझं लक्ष जंगलाकडे नव्हतंच, त्यांच्या श्वासाकडे होतं.

एका चढावर ते अचानक थांबले आणि दगडाला हात टेकला. माझ्या पोटात गोळा आला. धावत जाऊन मनगट धरलं, छातीत दुखतंय का विचारलं, खिशातली जिभेखालची गोळी चाचपली. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग वर बोट दाखवलं आणि म्हणाले, "पळस देखी ऱ्हायनू ना भाऊ!"

समोर अख्खं झाड पेटल्यासारखं फुललं होतं. मला ते दिसलंच नव्हतं.

आम्ही ठरल्याप्रमाणे वीस मिनिटांनी मागे फिरलो. धबधबा बघायचा राहिला, तो पुढच्या खेपेला. गाडीत बसल्यावर आप्पांनी गावी फोन लावला आणि विचारलं, "हरभरा काढला का?" माझ्यासाठी तो रिपोर्ट इकोपेक्षा मोठा होता.

तुम्ही निघण्याआधी

१. बोलून बघा. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, पण गाणं म्हणता येऊ नये. हा योग्य वेग. एक वाक्यही पूर्ण होत नसेल तर वेग कमी करा. हृदयाच्या काही गोळ्यांमुळे नाडी मुद्दामच हळू ठेवलेली असते, म्हणून नुसती नाडी मोजून अंदाज चुकतो.

२. परतीची ताकद ठेवा. 'किती जाऊ शकतो' हे नव्हे, 'जाऊन परत येऊ शकतो का' हे बघा. चढताना दम लागतो, तर उतरताना गुडघे आणि मांड्या दुखतात. काठी घ्यायला लाजू नका.

३. ऊन सांभाळा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. तेव्हा सकाळी आठच्या आत घरी. पाणी सोबत हवंच. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी आधी विचारावं.

४. मधुमेहींनी अनवाणी चालू नये, देवाच्या वाटेवरही नाही. पायाची संवेदना कमी असेल तर काटा रुतलेला कळत नाही. बंद बूट, सुती मोजे, आणि घरी आल्यावर तळवे बघणं. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी चालू असेल तर खिशात साखर किंवा गूळ ठेवा.

५. लगेच थांबा, जर छातीत दाब वाटला, दुखणं जबड्यात, पाठीत किंवा हातात गेलं, थंड घाम आला, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली. बसून घ्या आणि १०८ ला फोन करा. जिभेखालची गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल तर तीही बसूनच घ्या, कारण तिने बीपी उतरतं.

६. जंगलात एकटे जाऊ नका. पावसाळ्यात ओढ्यात आणि धबधब्याखाली उतरू नका, पाणी अचानक वाढतं.

आपल्या जवळ कुठे?

जळगावकरांसाठी मेहरूण तलाव सुरुवातीला उत्तम. जरा सराव झाला की एरंडोलजवळचं पद्मालय, तळ्यातली कमळं बघत. धुळेकरांसाठी पांझरेचा काठ आणि मग लळिंगचं कुरण. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या लांडोर बंगल्यात थांबले होते तो तिथेच आहे, आणि दरवर्षी ३१ जुलैला लोक मोठ्या संख्येने तिथे जातात. लळिंगचा किल्ला मात्र खड्या चढाचा, पाटण्याजवळचा कण्हेरगडही तसाच. हृदयाच्या आणि गुडघ्याच्या पेशंटनी तो मोह टाळावा.

आणि हे काहीच जमत नसेल तर गावाबाहेरची गाडवाट आहेच. "दिवसभर वावरात तर फिरतो" असं म्हणणाऱ्यांनाही सांगतो, वावरात आपण वाकतो, थांबतो, उभे राहतो. कष्ट खूप होतात, पण सलग चालणं होईलच असं नाही. बांधाच्या कडेने वीस मिनिटं न थांबता चालून बघा.

आता मी चिठ्ठीवर 'चालणे' एवढंच लिहीत नाही. किती मिनिटं, कोणत्या वाटेने आणि कुणासोबत, हेही विचारून लिहितो. तुमच्या घरातही कुणी आजारपणानंतर खुर्चीत बसून असेल तर त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारा, "यांना चालवू का?" होकार मिळाला तर उद्या सकाळी पाचच मिनिटं सोबत निघा. आणि ते वाटेत थांबले तर घाबरण्याआधी ते काय बघताहेत, तेही बघा.

काळजी घ्या, चालत राहा.