तेव्हाही मीच होते

वजन उतरू लागलं तेव्हा माझ्याआधी माणसं बदलली. हिंजवडीच्या फेज दोनमध्ये आमचं ऑफिस आहे. तिथे लिफ्टचं दार कुणीतरी माझ्यासाठी धरून ठेवू लागलं. कॅन्टीनमध्ये मी बसलेल्या टेबलाशी लोक आपणहून येऊन बसू लागले. मीटिंगमध्ये मी बोलायला लागले की लॅपटॉपवरच्या नजरा वर उचलल्या जाऊ लागल्या. काम तेच होतं, त्यातली माझी समजही तीच होती. कमी झाली होती ती चरबी. या नव्या वागणुकीने मी सुखावून जावं असं सगळ्यांना वाटत होतं. मला मात्र एक प्रश्न छळत राहिला : हा मान आज मिळतो आहे, तर इतकी वर्षं तो कुठे अडकून पडला होता?

माझं वजन उतरलं ते बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठीच्या शस्त्रक्रियेने. तिची गोष्ट सांगताना ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो शेजारी शेजारी लावायची पद्धत आहे. पहिल्या फोटोतल्या बाईकडे बघून लोक हळहळतात आणि दुसरीचं कौतुक करतात. मला पहिलीबद्दल, म्हणजे आधीच्या माझ्याबद्दल, बोलायचं आहे. ती आळशी नव्हती. पहाटे उठून घरचे डबे करायची, दिवसभर ऑफिस आणि रात्री अमेरिकेचे कॉल सांभाळायची. शिवाजी चौकातून शेअर रिक्षात बसताना बाकीच्यांच्या चेहऱ्यावरची नाराजी तिला दिसायची, म्हणून ती दोन सीटचे पैसे द्यायची. हात असलेली खुर्ची दिसली की उभीच राहायची. झोपेत श्वास अडायचा, त्यासाठी सीपॅपचं मशीन नाकावर लावून झोपायची. मधुमेहाच्या गोळ्या वाढत चालल्या होत्या. घसा दुखतो म्हणून दवाखान्यात गेली तरी पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, आधी वजन कमी करा.

तिने ते केलंही होतं, पुन्हा पुन्हा. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोन वेळचं जेवण आणि ऋजुता दिवेकरांचं दर काही तासांनी थोडं थोडं खाणं, यांवर महाराष्ट्रात घराघरांत वाद रंगत होते, तेव्हा तिने दोन्ही मनापासून पाळलं. किलो उतरायचे. मग भूक अशी उसळायची की डोक्यात दुसरा विचार टिकायचा नाही, आणि गेलेले किलो परत यायचे. दोष त्या मार्गांचा नव्हता. त्या मार्गांनी ज्यांचं भलं झालं अशी माणसं आमच्याच ऑफिसात आहेत.

या उसळणाऱ्या भुकेचं कारण मला फार उशिरा वाचायला मिळालं. 1999 मध्ये मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी संशोधकांनी घ्रेलिन नावाचं संप्रेरक शोधून काढलं. ते मुख्यतः जठरात तयार होतं आणि मेंदूला भुकेचा सांगावा धाडतं. 2002 मध्ये अमेरिकेत डॉ. डेव्हिड कमिंग्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की आहार कमी करून वजन उतरवलेल्या माणसांच्या रक्तात घ्रेलिन वाढतं. वजन घटलं की शरीराला तो दुष्काळ वाटतो आणि गेलेलं परत मिळवायला ते सगळ्या ताकदीनिशी कामाला लागतं. हे वाचलं त्या रात्री मला रडू आवरलं नाही. ‘जिभेवर ताबा नाही’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. जिभेचा त्यात फारसा संबंधच नव्हता.

दुसरं कारण आमच्या मातीतलं आहे. माझ्या सासूबाईंनी तरुणपणी भर पावसात, कमरेत वाकून भातलावणी केली. आमचा मुळशी तालुका आंबेमोहराचा. त्यांच्या ताटात दोन्ही वेळा भात असायचा आणि भरपूर असायचा, तरी अंगावर मांस दिसायचं नाही. मग एमआयडीसीने जमिनी घेतल्या, राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहिलं आणि खाचरांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. घरातले अंगमेहनतीचे कष्ट गेले, ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. सासूबाई आजही किरकोळ अंगाच्या आहेत, तरी त्यांनाही मधुमेह आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम वाचताना मला आमचं घरच दिसत राहिलं. त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला दिला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. 1993 पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत त्यांच्या चमूने गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं हाडामांसाने लहान, पण त्या मानाने चरबी राखून असलेली. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राबलेल्या आयांनी लेकरांना दिलेली ती शिदोरी होती. कष्ट होते तोवर ती तारत होती. ते सुटल्यावर तीच अंगावर उलटली. म्हणूनच भारतीयांसाठी शस्त्रक्रियेची बीएमआयची मर्यादा बरीच वर्षं पाश्चात्त्यांपेक्षा अडीचने कमी धरत असत : 37.5, आणि मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर 32.5.

आरोग्य विम्यात वर्षानुवर्षं ही शस्त्रक्रिया बसतच नसे. रूप सुधारण्याच्या हौसेसारखा तिचा हिशेब व्हायचा. 2019 मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने नियम घालून दिला : बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त असेल, किंवा 35 असून आवाक्यात न येणारा मधुमेह, झोपेतल्या श्वासरोधाचा तीव्र त्रास, हृदयविकार यांपैकी काही असेल आणि बाकीचे उपाय थकले असतील, तर खर्च द्यावा. माझ्या लेखी त्या नियमाचं मोल पैशांपुरतं नव्हतं. लठ्ठपणा हा आजार आहे, हे कागदावर मान्य झालेलं मी पहिल्यांदा बघितलं होतं.

घरात ते मान्य व्हायला वेळ लागला. पाहुण्यांना सांगितलं गेलं की सुनेचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. सासूबाईंचा हेतू मला झाकण्याचा नव्हता, लोकांच्या तोंडापासून वाचवण्याचा होता. नितीन गडकरींनी 2011 मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि 2022 मध्ये उज्जैनच्या जाहीर सभेत आपलं वजन पूर्वी 135 किलो होतं, आता 93 आहे, असं मोकळेपणाने सांगितलं. असं मोकळेपण आमच्या वाड्यावस्त्यांतल्या बायकांच्या वाट्याला अजून आलेलं नाही. आमच्या पोटावरचे छोटे टाके पदराआड पित्ताशयाचेच राहतात.

माझी शस्त्रक्रिया स्लीव्ह पद्धतीची. दुर्बिणीतून जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी मागे ठेवतात. घ्रेलिन तयार करणारा भाग मुख्यतः त्या काढलेल्या तुकड्यात असतो. यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून आधी काही दिवस द्रव आहार, आणि नंतर पुन्हा अगदी पहिल्यापासून खायला शिकणं. गाळलेलं ताक, मुगाच्या वरणाचं पाणी, मग सासूबाईंनी आंबेमोहराची पातळ पेज केली. ती मी चमच्याने घोट घोट घेतली. त्या समोर बसून बघत होत्या. जिने आयुष्यभर पोटभर वाढण्यातच माया जाणली, तिला सुनेचं चार चमच्यांत भागताना बघणं सोपं नव्हतं.

खरं अवघड पुढे होतं. चैत्री पौर्णिमेला आमच्या गावच्या म्हातोबाची यात्रा असते, बगाड निघतं, घरोघर पाहुण्यांच्या पंगती बसतात. आमच्याकडे आग्रहाशिवाय जेवण झालंसं वाटत नाही, आणि नको म्हणणारा पाहुणा रुसलेला समजतात. मी अर्धी पुरणपोळी सावकाश चावत बसले की ताटाभोवती चिंता गोळा होते. जेवताना पाणी प्यायचं नाही. रोजची साठेक ग्रॅम प्रथिनं आधी पोटात जायला हवीत, म्हणून भाकरीआधी अंडं, पनीर किंवा उसळ. लोह, बी-12, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आता जन्मभराच्या सोबती. काही महिन्यांनी केस मुठीने गळले, मग परत आले. पोटाची आणि दंडांची कातडी सैल लोंबते, ती तशीच राहणार. दमून, खचून घरी आल्यावर खाण्यात मिळणारा दिलासा गेला. त्या जागी काय ठेवायचं, हे ऑपरेशनच्या टेबलावर कुणी शिवून देत नाही. ते मला शोधावं लागलं, अजूनही शोधते आहे. वजन पुन्हा वाढू शकतं, हेही मला ठाऊक आहे.

तरी मी हे पुन्हा करेन. सीपॅपचं मशीन माळ्यावर गेलं. साखर ताब्यात आली. गुडघे जिना चढताना कुरकुरत नाहीत. स्वीडनमध्ये 1987 मध्ये सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2007 मध्ये आले. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी होतं. माझ्या मुलीबरोबर मला जास्त वर्षं मिळावीत, यासाठी मी टेबलावर चढले होते. लोक याला सोपा मार्ग म्हणतात. 2025 मध्ये वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं भारतात आली, तर ती घेणाऱ्यांनाही तेच ऐकवतात. मोतीबिंदू काढून घेणाऱ्याला, हृदयात स्टेंट बसवणाऱ्याला सोपा मार्ग धरलास असं कुणी म्हणत नाही.

लोकांची ही नजर मी आधीही पाहिली होती. 2017 च्या फेब्रुवारीत इजिप्तची इमान अहमद उपचारांसाठी मुंबईला आली. वजन पाचशे किलोंच्या आसपास सांगितलं जायचं. मालवाहू विमानातून आणलेल्या त्या बाईला क्रेनने उचलून रुग्णालयात नेताना सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत तिचा मृत्यू झाला. ती मुंबईत आली तेव्हा आमच्या ऑफिसातही ती दृश्यं फिरली होती, त्यांवर हसूही उमटलं होतं. माझं मन तिच्या ठिकाणी जाऊन पडलं होतं. पलंगाला खिळलेलं एक माणूस जिवाच्या आशेने समुद्र ओलांडून येतं आणि आपण त्याचे किलो मोजत बसतो.

हल्ली आमच्या ऑफिसातली एक मुलगी मला शस्त्रक्रियेबद्दल विचारते. वजन तिचंही खूप आहे, साखर वाढली आहे. डॉक्टर, आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, सगळ्यांशी बोलून ठरव, असं मी तिला सांगते. श्वासासाठी, साखरेसाठी, गुडघ्यांसाठी करायची असेल तर धीराने कर. लोकांनी नीट वागावं म्हणून मात्र करू नकोस. तो मान तुला वजन देऊन विकत घ्यायचा नाही, तो आज, या देहातच तुझा आहे. आणि तिला तो मिळावा, हे एकट्या तिच्यावर सोडून चालणार नाही. रिक्षात तिच्यासाठी सरकून बसणं, घसा दुखतो म्हटल्यावर आधी घसा तपासणं, मीटिंगमध्ये तिचं म्हणणं पूर्ण ऐकणं, तिच्या ताटाकडे न बघणं, एवढं आपल्याला आजच्या आज करता येतं. त्यासाठी कुणाचंही जठर कापावं लागत नाही.