आठ कलांचा निवाडा

धर्म आणि विज्ञान यांच्या नात्याचा विषय निघाला, की आपल्याकडील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढे सहसा एकच चित्र उभे राहते: एका बाजूला दुर्बीण घेतलेला गॅलिलिओ आणि दुसऱ्या बाजूला त्याच्यावर हुकूम बजावणारे धर्मपीठ. १६३३ साली रोममध्ये त्या वृद्ध पंडिताला गुडघे टेकून आपले मत नाकारावे लागले आणि उरलेले आयुष्य नजरकैदेत कंठावे लागले, हे निर्विवाद आहे, आणि त्या अन्यायाचे समर्थन करण्याचा विचारही माझ्या मनाला शिवत नाही. तथापि ज्या मनोवृत्तीतून आधुनिक विज्ञान उदयास आले, तिचा मागोवा घेऊ लागलो म्हणजे हे चित्र मला अपुरे वाटू लागते, आणि गॅलिलिओचाच समकालीन असलेल्या योहानेस केप्लरकडे माझे मन पुनःपुन्हा ओढ घेते.

१५७१ साली जर्मनीत जन्मलेला केप्लर ट्युबिंगेनच्या विद्यापीठात धर्मशास्त्राचे अध्ययन करीत होता आणि धर्मोपदेशक व्हावे ही त्याची मनीषा होती. परंतु १५९४ मध्ये ग्राट्झ येथील शाळेत गणित शिकविण्यासाठी त्याची रवानगी झाली, आणि अंगीकारलेले व्रत अर्ध्यावरच सुटले या विचाराने तो प्रथम अस्वस्थ झाला. पुढे त्याचे त्यालाच समाधान लाभले, ते असे, की सृष्टी ज्याने रचली त्याचे स्तवन ज्योतिःशास्त्राच्या द्वाराही करता येते. ही समजूत त्याच्या आयुष्यभराच्या परिश्रमांचा पाया होती.

तिची खरी कसोटी लागली ती मंगळाच्या गतीपाशी. १६०० साली तो प्राग येथे टायको ब्राहेचा साहाय्यक झाला, आणि दुसऱ्याच वर्षी टायको वारल्यावर, दुर्बिणीवाचून केवळ डोळ्यांनी घेतलेल्या वेधांचे त्याचे विलक्षण काटेकोर दप्तर केप्लरच्या हाती आले. मंगळाची कक्षा वर्तुळाकार मानून त्याने एक रचना सिद्ध केली आणि तिच्यासाठी तेच किचकट गणित सत्तर वेळा केले. पण अखेरीस टायकोच्या वेधांशी ताडून पाहता काही स्थानी आठ कलांचा फरक उरला. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, हे पंचांग चाळणाऱ्याला सांगावयास नको. पूर्ण चंद्राचे बिंब सुमारे तीस कलांचे असते. एका पौर्णिमेला गच्चीत उभा राहून त्या बिंबाची पाव रुंदी नजरेने मापून पाहू लागलो, तेव्हा एवढ्या अंतराखातर एखादा माणूस वर्षानुवर्षांची मेहनत मोडीत काढू शकतो, या गोष्टीचे खरे मोल मला उमगले.

प्राचीन ज्योतिर्विद टॉलेमीच्या वेधांत दहा कलांपर्यंतची चूक गृहीतच धरली जात असल्याने हा फरक दुर्लक्षिण्याची मुभा केप्लरला होती. त्याने ती घेतली नाही, आणि त्यामागचे कारण त्याने आपल्या ग्रंथात निःसंकोचपणे नोंदविले आहे: टायकोसारखा दक्ष निरीक्षक ही ईश्वरी कृपेची देणगी होय, म्हणून त्या देणगीचा कृतज्ञतेने स्वीकार करून खरी कक्षा शोधणे हेच आपले कर्तव्य. दोन सहस्र वर्षे पूज्य मानलेले वर्तुळ त्याने टाकले आणि तो लंबवर्तुळापर्यंत पोहोचला. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने ज्योतिःशास्त्राचे रूपच पालटले. सृष्टीत नियम आहे ही श्रद्धा, आणि तो नियम कोणता असावा हे ठरविण्याचा अधिकार आपला नव्हे ही विनम्रता, यांचा संगम त्या आठ कलांपाशी झाला.

अर्थात याच श्रद्धेने त्याला चकविलेही आहे. ईश्वर भूमितिज्ञ असल्यामुळे सहा ग्रहांच्या कक्षांमध्ये पाच सुसम घनाकृती बसविलेल्या असल्या पाहिजेत, हा १५९६ सालच्या पहिल्या ग्रंथातील सिद्धांत त्याने अखेरपर्यंत उराशी बाळगला, आणि तो पूर्णतः चुकीचा ठरला. मग एकाच श्रद्धेची ही दोन फळे इतकी भिन्न का? माझ्या मते, मंगळाच्या बाबतीत श्रद्धेने वस्तुस्थितीला न्यायासनावर बसविले. घनाकृतींच्या बाबतीत ते आसन कल्पनेच्या सौंदर्यासाठी राखून ठेवले.

धर्मसत्तेने मात्र या भाविक माणसाला सुखाने जगू दिले नाही. कॅथलिक पंथ न स्वीकारल्याबद्दल १६०० मध्ये त्याला ग्राट्झ सोडावे लागले. आणि पंथाच्या एका मतपत्रावर बिनशर्त सही करण्यास नकार दिल्यामुळे पुढे लिंझ येथे त्याच्याच ल्यूथर पंथीयांनी त्याला पवित्र प्रसाद नाकारला. वृद्ध आईवर चेटकीण असल्याची फिर्याद झाली. तिच्या बचावासाठी त्याने स्वतः कैफियती लिहिल्या, आणि चौदा महिन्यांच्या कैदेनंतर १६२१ मध्ये ती सुटली. एवढे सोसूनही त्याने श्रद्धा टाकली नाही आणि गणितही टाकले नाही.

म्हणून धर्म विज्ञानाचा शत्रू की जनक, हा प्रश्नच मला घाईचा वाटतो. जो धर्म माणसाला सत्यापुढे नम्र होण्यास शिकवितो, तो विज्ञानाच्या जन्मकाळी त्याच्या उशाशी होता. जो सत्याचा मुखत्यार होऊन बसला, त्याने त्याच विज्ञानाला कटघऱ्यात उभे केले. आपल्या प्राचीन ग्रंथांत सर्व शोध आधीच लागले आहेत असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी, आणि श्रद्धा म्हणजे निव्वळ आंधळेपणा असे मानणाऱ्यांनीही, केप्लरचे चरित्र एकदा शांतपणे वाचावे. स्वतःच्या लाडक्या मताविरुद्ध आठ कलांचा पुरावा मान्य करण्याचे धैर्य ज्या श्रद्धेत असेल, तिच्यापासून विज्ञानाला कधीही भय नाही.