पाण्याला कुठली आली विलायत!

धुळ्याच्या माणसाला पांझरेविषयी बोलायला निमित्त लागत नाही. त्यातून तो मास्तर असला तर विचारूच नका. माझी स्वतःची विद्या मॅट्रिकपाशी थांबली. पण ‘पाणी आपली पातळी गाठते’ हा धडा मी इतकी वर्षे शिकवतो आहे, की तेवढ्यापुरता स्वतःला शास्त्रज्ञच समजतो.

हा धडा क्रमिक पुस्तकात विलायतेहून आला असेल. पांझरेकाठच्या शेतकऱ्याला तो केव्हाच पाठ होता. नदीला बंधारा घालायचा, उताराने पाट काढायचा, शिवाराचे फड पाडून पिकांची पाळी लावायची, आणि पाटकऱ्याने ज्याचे पाणी त्याला द्यायचे. शाळा नव्हती, शास्त्र मात्र होते.

1884 मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेला एक तरुण इंजिनियर सरकारी नोकरीत शिरला. त्याचे नाव विश्वेश्वरय्या. साक्रीकडच्या दातर्तीला पांझरेचा एक प्रवाह ओलांडून नळाने पाणी नेण्याचे काम त्याच्याकडे आले. एका काठाला उतरलेले पाणी दुसऱ्या काठाला वर आले. नियम तोच, पाटकऱ्याचा! पुढे नीरा कालव्यावर त्यांनी पिकांची पाळी लावणारी ब्लॉक पद्धत आणली. खानदेशी माणसाला तिच्यात फडच दिसतो.

मग नव्या विद्येने दिले काय? गणित दिले. पाटकऱ्याचे ज्ञान त्याच्या बंधाऱ्यापाशी राहिले. इंजिनियरचे कागदावर उतरले, म्हणून 1895 पर्यंत सिंधूकाठच्या सक्करला नळाचे पाणी पोचवू शकले.

1898 मध्ये विश्वेश्वरय्या जपान पाहून आले. त्याच वर्षी चीनमध्ये पेकिंगला नवे विद्यापीठ निघाले, आणि झांग झिदोंग हे मुत्सद्दी सांगत होते : गाभा चिनी विद्येचा, उपयोगाला पाश्चात्य विद्या. मला ही वाटणी पटत नाही. पाण्याचा गाभा कुठला आणि उपयोग कुठला, हे पांझरेकाठी कोण सांगणार?

जळगावची केळी आज ठिबकावर वाढतात आणि परदेशी बाजारात जातात. आनंद आहे. पण कागदावर उतरलेली विद्या जशी गाव सोडून जाते, तशी ती शिकलेली पोरेही जातात. फड बरेच मोडले. पाटकरी म्हातारे झाले. त्यांच्याजवळचे हिशेब कोणीतरी वहीत उतरवायला हवेत. यंदा दिवाळीच्या सुट्टीचा गृहपाठ म्हणून माझ्या वर्गाला मी तेवढेच काम दिले आहे.