चावी फिरवली... टक्!

रविवार, सकाळचे अकरा. डहाणूच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत बाबांची २००५ ची मारुती ८०० उभी. चावी फिरवली, नुसतं 'टक्'. पुन्हा 'टक्'. वीकेंडचा बँड वाजला! 'आता ही विकून टाका' असं घरात चालूच होतं, बाबा तेवढे एकटे विरोधी पक्षात. आज तेही हरणार, असं वाटलं.

शेजारचे चिकूवाले काका म्हणाले, "हेडलाइट लाव. आता चावी फिरव." झकास लागलेले दिवे चावी फिरवताच मलूल झाले. "बघ, करंट पोचत नाही."

जुनी गाडी बोलते, आपणच ऐकत नाही. 'टक्' होऊन दिवे मंदावले, तर बॅटरी किंवा तिची जोडणी बघा. इंजिन घरघरतंय पण पेटत नाही, तर पेट्रोल किंवा स्पार्क प्लग. आपण मात्र चावी पिळत बसतो आणि उरलीसुरली बॅटरीही संपवतो.

बॉनेट उघडलं. टर्मिनलवर पांढरी-हिरवट पावडर. दिव्यांपुरता करंट त्यातून जातो, स्टार्टरला लागतो तेवढा जात नाही. पाना कुणाकडेच नव्हता. मग धक्का! चावी ऑन, सेकंड गिअर, क्लच दाबलेला. गाडीने वेग घेतला की क्लच झटकन सोडायचा. (ऑटोमॅटिकवाल्यांनो, हे तुमच्यासाठी नाही.) तिसऱ्या धक्क्याला लागली.

"तलासरीपर्यंत बंद करू नको हां!"

झालं. घोलवडला उतरून वाडीतले चिकू घ्यायचे होते. २०१६ मध्ये जीआय टॅग मिळालेले हेच ते डहाणू-घोलवडचे चिकू. मग झरी गाव बघायचं होतं. वेठबिगारीविरुद्ध वारली १९४५ मध्ये तिथेच जमले होते, गोदावरी परुळेकरांसोबत. दोन्ही बेत रद्द. सिग्नल नाही, ब्रेक नाही, थेट तलासरी.

हायवेजवळच्या गॅरेजमधल्या पोराने आधी काळी वायर सोडवली, मग लाल. टर्मिनलवर गरम पाणी ओतलं, ब्रशने घासलं, कोरडं केलं. आधी लाल जोडली, काळी शेवटी. वर व्हॅसलीनचा हात. बॅटरी ठणठणीत होती. गाडी पहिल्या चावीला लागली!

बाबांना फोन केला. म्हणाले, "अरे, मी दर महिन्याला पुसायचो ते. गुडघा दुखायला लागल्यापासून राहिलं."

गाडी झरीकडे वळवली. गावात पोचल्यावर मुद्दाम बंद केली.