खुनी कोण ते सांगायचं नाही

बंगाली ‘देश’ मासिकपत्राचा दुर्गापूजेचा अंक, म्हणजे पूजा अंक, घरात आला की आधी कोण वाचणार यावरून जुंपायची. कविता, लेख, मोठ्या लेखकांच्या कादंबऱ्या कुणीही आधी वाचाव्यात, आमचं काही म्हणणं नसे. भांडण फेलूदा या गुप्तहेराच्या पानांचं. १९७० साली ‘गँगटोके गंडगोल’ त्या अंकात आली आणि मग जवळजवळ दर शरदात सत्यजित राय एक नवं प्रकरण घेऊन हजर व्हायला लागले. मराठी दिवाळी अंक आत्या मुंबईहून पोस्टाने पाठवायची, ते पोचेपर्यंत फराळाचे डबे रिकामे झालेले असत. त्यामुळे आमच्यासाठी दिवाळी अंक म्हणजे पूजा अंकच.

आम्ही म्हणजे सत्तरच्या दशकात कलकत्त्याच्या हाजरा, भवानीपूर, कालीघाट या भागांत वाढलेली मराठी घरांतली पोरं. कुणाचे वडील रेल्वेत, कुणाचे बँकेत, कुणाचे भूगर्भशास्त्राच्या सर्वेक्षणात. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला सगळे एकत्र जमायचो. मोठी माणसं नाटकाच्या तालमीला बसली की आम्ही जिन्यात बसून फेलूदाच्या रजनी सेन रोडवरच्या एकवीस नंबरच्या घराची चर्चा करायचो. रस्ता खरा, आमच्या घरापासून पायी जाण्यासारखा. घरातला माणूस तेवढा कल्पित. एका सुट्टीत आमची टोळी तो पत्ता शोधायला गेली. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने शांतपणे सांगितलं, फेलूबाबू केसच्या कामासाठी बाहेरगावी गेलेत. आमच्यासारखी पोरं त्याच्याकडे रोजच येत असणार.

मराठी बाराखडी आईने पाटीवर गिरवून घेतली होती. बंगाली लिपी कुणी शिकवली नाही. ती आम्ही खुनी कोण हे कळावं म्हणून शिकलो. सुरुवातीला शेजारच्या बौदी वाचून दाखवायच्या, पण त्यांना मध्येच मासे तळायला उठायची खोड होती, तीही ऐन पाठलागाच्या वेळी. मग अक्षर ओळखण्यावाचून इलाजच उरला नाही.

संध्याकाळी लोडशेडिंग ठरलेलं. कंदील मध्ये ठेवून बाबा मोठ्याने वाचायचे, आणि आजीला बंगाली येत नसल्यामुळे प्रत्येक परिच्छेदानंतर तिला मराठीत सांगायचे. आजीची हयात बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर गेलेली. एवढी गुप्तहेरी पचवलेल्या बाईसमोर फेलूदा नवशिकाच. अर्धं प्रकरण संपायच्या आत ती संशयितांतून एकेकाला वगळायला लागायची. “नोकर नाही रे, नोकर कधीच नसतो. तो गोड बोलणारा डॉक्टर बघा.” बाबा चिडायचे. पुस्तक आधी वाचून ठेवलेलं असायचं, आणि आजीचं उत्तर बरोबर निघाल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. आजीला खटकायची एकच गोष्ट, एवढ्या हुशार माणसाचं अजून लग्न कसं नाही?

आता मागे वळून वाचताना वाटतं, कोडं म्हणून फेलूदाच्या बऱ्याच कथा पातळ आहेत. गुन्हेगार लवकर कळतो, पुरावे कधीकधी फारच सोयीने सापडतात. याचं एक कारण रायांनी स्वतःच नोंदवून ठेवलंय. या गोष्टी मुलांसाठी होत्या. पहिली, दार्जिलिंगची, १९६५च्या डिसेंबरात ‘संदेश’मध्ये आली. हे मासिक त्यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोरांनी, १९१३ साली काढलेलं आणि १९६१ साली रायांनी पुन्हा सुरू केलेलं. मोठ्यांच्या जगातले बरेचसे गुन्हे, त्यांमागची प्रकरणं आणि वासना, त्यात आणायची सोय नव्हती. उरलं काय? चोरीला गेलेल्या मूर्ती, जुनी पत्रं, अंगठ्या, वारसाहक्क, अधूनमधून एखादा खून. एवढ्या भांडवलावर त्यांनी पस्तीस कथा पूर्ण केल्या. पण त्यामुळेच कंदिलाभोवती आजीपासून धाकट्या बंटीपर्यंत सगळे बसू शकत होते आणि बाबांना एकही पान गाळून वाचावं लागत नव्हतं. रहस्य पातळ असेल, सोबत मात्र फार घट्ट होती.

त्या सोबतीत सर्वांत लाडके अर्थात जटायू. लालमोहन गांगुली, गडपारला राहणारे, भूगोलाच्या ढळढळीत चुकांसकट थरारक कादंबऱ्या लिहिणारे. १९७१च्या ‘सोनार केल्ला’त ते प्रथम आले आणि आपल्या घरात एक तरी असा काका आहे हे प्रत्येकाला पटलं. सिनेमा आला १९७४ साली. त्यात संतोष दत्त जटायू झाले. पेशाने ते वकील. रायांना ते इतके पटले की पुढच्या कथांसोबतच्या चित्रांतले जटायू संतोष दत्तांसारखे दिसायला लागले. १९८८ साली ते गेल्यावर रायांनी पुन्हा फेलूदावर सिनेमा केला नाही.

त्या सिनेमावर आमचा एक राग होता. पुस्तक वाचलेल्यांनी धाकट्यांना काही सांगायचं नाही, अशी शपथ घालून आम्ही थेटरात गेलो, आणि रायांनी स्वतःच खलनायक कोण ते सुरुवातीलाच दाखवून टाकलं! शेवटी कळण्याच्या धक्क्यापेक्षा आधी कळल्याची धाकधूक त्यांना हवी होती, हे समजायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

फेलूदा आमच्या महाराष्ट्रातही आला होता. १९७३च्या ‘कैलाशे केलेंकारि’त भुवनेश्वरच्या देवळातल्या यक्षीच्या तोडलेल्या डोक्याचा माग काढत तो औरंगाबादला येतो आणि वेरूळच्या कैलास लेण्यात प्रकरण उलगडतं. पुढे ‘बोंबाइयेर बोंबेटे’मध्ये मुंबईत ‘शिवाजी कॅसल’ नावाची इमारत निघाली, तेव्हा शेजारपाजारची पोरं आम्हाला विचारायला आली, ती कुठे आहे? आम्हाला काय माहीत! मुंबई आम्ही मे महिन्यात मावशीच्या डोंबिवलीच्या खोलीत बघितलेली. वेरूळला पहिल्यांदा गेलो तेव्हा दादा शिल्पं बघायच्या ऐवजी लपायच्या जागा बघत हिंडला. आपल्याच मुलखाकडे बंगाली पाहुण्यासारखं बघायची आमची सवय तिथून लागली असावी.

ब्योमकेश बक्षी मात्र वरच्या फळीवर. तिथे विष होतं, लग्नाबाहेरची प्रकरणं होती, आणि आईची बंदी होती. ताई दुपारी स्टूल लावून पुस्तक काढायची आणि अभ्यासाच्या वहीखाली धरून वाचायची. आईला ते ठाऊक होतं याची आमची आता खात्री आहे. माझ्या मते रहस्यकथा म्हणून ब्योमकेशच वरचढ. हॅरिसन रोडवरचा तो धोतर नेसणारा माणूस स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो, आणि सत्य सापडल्यावर ते पोलिसांना द्यायचं की नाही हेही कधीकधी स्वतःच ठरवतो.

आणि इथे बाबांचा हुकमी एक्का होता. शेजारचे काकाबाबू बंगाली बुद्धीचा गौरव करायला लागले की बाबा थंडपणे म्हणायचे, तुमचा ब्योमकेश आमच्या पुण्यात लिहिला गेला. अगदीच खोटं नव्हतं. १९३२ साली ब्योमकेशला जन्म देणारे शरदिंदू बंद्योपाध्याय १९३८ साली बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईला आले, आणि १९५२ साली सिनेमा सोडून पुण्याला स्थायिक झाले. म्हणजे कलकत्त्याच्या गल्ल्यांतले नंतरचे कितीतरी खून पुण्याच्या हवेत रचले गेले. शिवाजी महाराजांच्या सैन्यातल्या सदाशिव नावाच्या पोराच्या गोष्टीही त्यांच्याच. बर्गी, म्हणजे मराठे स्वार, आले म्हणून मुलांना झोपवणाऱ्या बंगालात एक मराठा पोरगा नायक झाला, याचं आम्हाला कोण कौतुक! शाळेत कुणी बर्गी म्हणून चिडवलं की सदाशिव पुढे करायचा.

१९९३ साली दूरदर्शनवर बासू चॅटर्जींची हिंदी मालिका लागली आणि मुंबई-पुण्याच्या भावंडांना ब्योमकेश ठाऊक झाला. रजित कपूर आम्हाला पसंत पडला. त्याची बायको सत्यवती झाली होती सुकन्या कुलकर्णी, म्हणजे घरचीच मुलगी. आजी तेव्हा थकली होती. ब्योमकेशला बायको आहे हे पाहून तिला बरं वाटलं.

पुढे फेलूदा मराठीत आला, अशोक जैन यांच्या अनुवादातून, रोहन प्रकाशनाने काढलेला. आमच्या भाच्यांनी तो ठाण्यात बसून वाचला.

शरदिंदू १९७० साली गेले तेव्हा ब्योमकेशची ‘बिशुपाल बध’ ही कथा अर्धीच राहिली. भर रंगमंचावर, प्रयोग चालू असताना माणूस मरतो, आणि तो प्रयोग कीचकवधाचा. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ आठवून बाबा म्हणायचे, हे नाटक सरकारने उगाच नाही बंद केलं! कथा अपुरी असल्यामुळे खुनी कोण हे ठरवायचा हक्क प्रत्येकाला मिळाला. ताईचा संशय आजही कथेतल्या बाईवर आहे. दादा म्हणतो, बाई नाही, दिवे ज्याच्या हातात होते त्याला धरा. गेल्या लग्नात पंगत उठायची वेळ झाली तरी दोघं हटेनात, आणि भाचा मध्येच विचारतो की आजी असती तर तिने कुणाचं नाव घेतलं असतं. ताई म्हणाली, मी घेते तेच. दादा म्हणाला, शक्यच नाही, आजी बाईवर कधी संशय घ्यायची नाही, आणि मग तो वाद निराळाच सुरू झाला.