कोतोव परत आला तेव्हा

निकिता मिखालकोव्हचा ‘बर्न्ट बाय द सन’ हा रशियन चित्रपट 1994 सालचा. त्याच्या शेवटी पडद्यावर मोजक्या ओळी येतात आणि एका घराचा हिशोब मिटवून टाकतात. क्रांतीच्या लढाईत नाव काढलेल्या सेर्गेय कोतोवला ऑगस्ट 1936 मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. त्याची बायको मारुस्या 1940 साली छावणीत वारली. मुलगी नाद्या तेवढी जगली. 1956 साली सरकारने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. बस्स. त्याआधी आपण उन्हाळ्यातला एकच दिवस पाहिलेला असतो. नदीकाठचं लाकडी घर, माणसांची ये-जा, होडीत आडवे पडलेले बाप-लेक आणि बापाच्या हातात तिची चिमुकली पावलं. कोतोवचं काम मिखालकोव्हने स्वतः केलंय आणि नाद्या ही त्याची खरीच मुलगी. संध्याकाळी एक काळी मोटार येते, तिच्यात बसून कोतोव जातो. त्याला वाटतं, काहीतरी गैरसमज झालाय, स्टॅलिनला फोन केला की सुटेल. कान महोत्सवाचा मोठा पुरस्कार आणि पुढच्या वर्षी ऑस्कर मिळाला तो या चित्रपटाला.

सावद्यात बसून हे पाहताना 1936 हा आकडा मला लांबचा वाटत नाही. आमच्या शेजारच्या फैजपुरात त्याच वर्षीच्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींसारख्या माणसांनी त्यासाठी रात्रीचा दिवस केला. अध्यक्षपदावरून नेहरू समाजवादाबद्दल बोलले. महिन्याभरापूर्वीच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉयही त्या मांडवात होते. रॉय यांनी मॉस्कोत कम्युनिस्ट इंटरनॅशनलमध्ये काम केलेलं, आणि त्या संघटनेचा जुना प्रमुख झिनोव्हिएव याला त्या ऑगस्टातच खटल्याचं नाटक करून गोळी घातलेली. इकडे केळीच्या बागांच्या मुलखात रशियाकडे आशेने बघत भाषणं चालली होती आणि तिकडे ज्यांनी ती क्रांती केली त्यांनाच एकेक करून उचललं जात होतं. कोतोव हे कल्पनेतलं पात्र. पण त्याच्या मरणाची तारीख अशा ठिकाणी बसवली आहे की ते मरण खोटं म्हणता येत नाही. रशियात ज्यांच्या आजोबांना असंच मोटारीत घालून नेलं आणि वीस वर्षांनी ‘निर्दोष’ असा कागद घरी आला, त्यांनी तर त्या शेवटच्या ओळी आपल्याच घरच्या समजून वाचल्या असणार.

आणि मग सोळा वर्षांनी कोतोव जिवंत झाला.

2010 च्या एप्रिलमध्ये मिखालकोव्हने दुसरा भाग आणला. महायुद्धातल्या विजयाला 65 वर्षं होत होती. पहिला खेळ थेट क्रेमलिनमधल्या भव्य सभागृहात झाला. जाहिरातीत लिहिलं होतं, महान युद्धाबद्दलचा महान चित्रपट. कथा अशी की कोतोवला गोळी घातलीच नव्हती. तो छावणीत होता, जर्मन हल्ल्याच्या धामधुमीत निसटला आणि शिक्षा झालेल्यांच्या पलटणीत साधा शिपाई म्हणून लढतोय. पहिल्या भागात कोतोवला न्यायला आलेला आणि शेवटी न्हाणीघरात शिरा कापून घेतलेला मित्याही वाचलाय आणि आता स्टॅलिनच्या हुकमावरून कोतोवला शोधत फिरतोय. नाद्या परिचारिका झालीय आणि बापाला धुंडाळतेय. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात तिसरा भाग आला, ‘सिटाडेल’ नावाचा.

प्रेक्षक उभे दुभंगले. रागावलेल्यांची बाजू मोठी होती. जाणकारांनी दाखवून दिलं की 1941 च्या हिवाळ्यात शिक्षेच्या पलटणी नव्हत्याच, त्या जुलै 1942 च्या 227 क्रमांकाच्या हुकमानंतर उभ्या राहिल्या. विमानातून उघडं ढुंगण काढणारा जर्मन वैमानिक, मरणाऱ्या पोराने नाद्याला छाती उघडी करून दाखवायला सांगणं, अशा प्रसंगांनी युद्ध पाहिलेली म्हातारी माणसं दुखावली. काहींचा राग चित्रपटाहून माणसावर अधिक होता. मिखालकोव्हच्या बापाने, सेर्गेय मिखालकोव्हने, सोव्हिएत राष्ट्रगीताचे शब्द लिहिले, स्टॅलिन गेल्यावर बदलले आणि सोव्हिएत संघ मोडल्यावर पुन्हा नवे लिहिले. सत्ता कोणाचीही असो, हे घर तिच्या जवळच राहिलं. चित्रपट लागायच्या थोडंच आधी गेर्मान, र्याझानोव, सोकुरोव अशा मोठ्या दिग्दर्शकांनी मिखालकोव्हच्या हाती असलेल्या चित्रपट संघटनेविरुद्ध जाहीर पत्र काढलं होतं. त्यामुळे लोक चित्रगृहात शिरले ते निम्मा निकाल मनात ठरवूनच. प्रचंड पैसा ओतलेला हा चित्रपट तिकिटबारीवर पडला. तरी 2011 साली ‘सिटाडेल’ची रशियातर्फे ऑस्करसाठी निवड झाली. निवड समितीचे अध्यक्ष व्लादिमीर मेन्शोव यांनी त्या कागदावर सही करायला नकार दिला. ‘मॉस्को डझ नॉट बिलीव्ह इन टिअर्स’ या चित्रपटासाठी ऑस्कर मिळवलेला हा दिग्दर्शक. त्या वाटेची किंमत त्याला ठाऊक होती. तरीही त्याने सही केली नाही. हा नकार मला फार मोलाचा वाटतो.

दुसरी बाजू लहान होती, पण होती. ती म्हणत होती की हाच आपल्याकडचा पहिला युद्धपट आहे ज्यात विजयाचा झेंडा नाही, 1941 ची दाणादाण आहे. पुढारी पळतायत, आपल्याच माणसांनी भरलेला पूल आपणच उडवतोय, माणसं मुंग्यांसारखी मरतायत. सोव्हिएत संघाची या युद्धात सुमारे 2 कोटी 70 लाख माणसं गेली. एवढ्या मरणांचं काहीतरी वेडंवाकडंच दिसणार, सुबक कसं दिसेल, असं त्यांचं म्हणणं.

मी पहिल्या बाजूचा. दोन्ही भाग संगणकावर खालचं इंग्रजी वाचत वाचत पाहिले आणि मला चीड आली. आमच्याकडे केळीची नवी लागवड असते ती नवती, आणि घड कापल्यावर त्याच बुंध्याच्या पिलावर घेतात तो पिलबाग. पिलबाग येतो स्वस्तात आणि लवकर, म्हणून सगळे तो धरतात. पण सगळी पिलं ठेवली तर एकही घड भरत नाही. कोयत्याने बाकीची कापून एकच राखावं लागतं. मिखालकोव्हने सगळीच पिलं राखली. बापाची कथा, लेकीची कथा, मित्याची, स्टॅलिनची, देवाची, सगळंच. पण नीट न भरलेला घड मी विसरलो असतो. खरी बोच वेगळी आहे. पहिल्या भागाने आम्हाला एक मरण दिलं होतं आणि ते आम्ही आपलं म्हणून ठेवून घेतलं होतं. ते त्याने परत मागून घेतलं. ते मरण खरं नव्हतं तर त्या मोटारीतला रक्ताने माखलेला चेहरा, त्या होडीतली पावलं, ते सगळं कशासाठी होतं?

हे सगळं मी आमच्या गल्लीतल्या नानांना सांगत होतो. नाना पायदळातून निवृत्त झालेले, 1971 ची लढाई पाहिलेले, आता रोज सकाळी बागेत चक्कर मारून येतात. घरातली काही माणसं वरणगावच्या फॅक्टरीत होती. तिथे 1964 पासून बंदुकीच्या गोळ्या होतात, त्यामुळे त्यांच्या घरात लढाई दोन्ही टोकांनी येऊन गेलेली आहे. सिनेमाशी नानांचं एक जुनं भांडण आहे, ते ‘बॉर्डर’वरून.

‘बॉर्डर’ 1997 च्या जूनमध्ये आला. तेव्हा इकडची तरणी पोरं भुसावळ-जळगावला जाऊन दोन-दोनदा पाहून आली. टॉकीजमध्ये घोषणा, बाहेर आल्यावर डोळे लाल. नानांनाही हौसेने नेलं. चित्रपट 1971 च्या लोंगेवाल्याच्या लढाईवरचा. त्या लढाईत मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या हाताखाली सव्वाशेच्या आतबाहेर जवान होते. रात्रभर त्यांनी रणगाडे अडवून धरले, उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली आणि त्यांनी रणगाड्यांचा धुव्वा उडवला. एवढी मोठी लढाई, पण आपल्या बाजूचे दोनच जवान कामी आले. चित्रपटात मात्र एकामागून एक धारातीर्थी पडतात. सुनील शेट्टीने ज्यांचं काम केलं ते सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड तर रणगाड्यावर तुटून पडत मरतात. खरे भैरोसिंग जोधपूरकडच्या आपल्या गावात धडधाकट होते. त्यांना 1972 साली सेना पदक मिळालं होतं.

नाना तेव्हापासून म्हणत आले आहेत, “जिता मानूस मारून टाकला त्याह्यनं, अन् तुम्ही टाळ्या वाजवता!” आम्ही म्हणायचो, नाना, तो सिनेमा आहे, दिग्दर्शक जे. पी. दत्तांचा स्वतःचा भाऊ हवाई दलात होता आणि विमान पडून गेला, त्याचं दुःख त्यात आहे. नाना ऐकून घ्यायचे आणि पुन्हा तेच म्हणायचे. डिसेंबर 2022 मध्ये भैरोसिंग राठोड वारल्याची बातमी पेपरात आली. नानांनी तो पेपर माझ्याकडे आणून दाखवला. म्हणाले, “दोनदा मेला बिचारा.”

म्हणून मला वाटलं होतं, कोतोवच्या बाबतीत नाना माझ्याच बाजूला येतील. तिथे जिवंत माणूस मारला, इथे मेलेला उठवला, दोन्हीत मरणाशी खेळच आहे. त्यांना दुसऱ्या भागातला एक तुकडा दाखवला. मॉस्कोच्या वाटेवर बर्फात खंदक खणलेत. एका बाजूला शिक्षेच्या पलटणीतली मळकी, दाढी वाढलेली माणसं, दुसऱ्या बाजूला क्रेमलिनच्या लष्करी शाळेतली उंचीपुरी, नव्याकोऱ्या कपड्यांतली पोरं. ती खंदकात उतरतात, वाट पाहतात. जर्मन समोरून येतील म्हणून तोफा समोर लावलेल्या, आणि रणगाडे येतात मागून. काही मिनिटांत सगळं संपतं. ती नवी कोरी पोरं बर्फात पडलेली. हे नुसतं कल्पनेतलंही नाही. 1941 च्या ऑक्टोबरात मॉस्को वाचवायला पोदोल्स्कच्या लष्करी शाळांतली पोरं खरोखरच उभी केली होती आणि त्यांतली निम्म्याहून अधिक परतली नाहीत.

नानांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग बराच वेळ त्या पोरांच्या बुटांबद्दल बोलत राहिले. नवे बूट लढाईत पायाला चावतात, नवीन पोराला पहिल्या दिवशी मोर्च्यावर कोणी शहाणा अधिकारी पाठवत नाही, शत्रू मागून आल्यावर बंदूक फिरवायलाही खंदकात जागा राहत नाही. त्यांच्या लेखी ते सगळं बरोबर दाखवलं होतं. मी म्हटलं, पण नाना, तो कोतोव, तो तर मागच्या चित्रपटातच मेला होता. ते म्हणाले, “मागचा म्या नाही पाह्यला भो. माह्याकरता तो मेलाच नव्हता. हे पोरं मेले, हे पाह्यलं म्या.”

त्यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही, पण नंतर सुचलं आणि ते मी अजून सोडलेलं नाही. नानांना तो तुकडा पटला कारण त्यात मरणारी पोरं परत येत नाहीत. ज्या क्षणी दिग्दर्शक एकाला परत आणतो त्या क्षणी बाकी सगळ्यांचं मरण तो आपल्या मर्जीवर आणून ठेवतो. मग ती बर्फातली पोरंसुद्धा पुढच्या भागात उठून बसू शकतात. पहिल्या चित्रपटावर जीव लावलेल्या रशियन माणसाला हे जाणवलं असणार आणि म्हणून तो एवढा चिडला. नव्याने आलेल्या, कोतोवला न ओळखणाऱ्या माणसाला ते जाणवण्याचं कारण नव्हतं. त्याला बर्फ दिसला, पोरं दिसली, आणि हे आजवर कोणी असं दाखवलं नव्हतं एवढंच दिसलं. दोघं एकाच चित्रगृहात बसले होते, पण एकजण आधीची तेरवी करून आलेला होता.

कोणाच्या मरणावर हक्क कोणाचा, हे सिनेमावाल्यांनी स्वतःला विचारावं असं मला फार वाटतं. भैरोसिंगांचा हक्क होता की आपण वाचलो हे लोकांना कळावं. लढून घरी परत येणं हेही शौर्यच आहे. पण आपल्या पडद्याला शौर्य पूर्ण करायला चिता लागते. चांदपुरीही वाचले, 2018 पर्यंत जगले. लोंगेवाल्याची खरी नवलाई हीच की एवढे कमी मेले. तेवढंच नेमकं ‘बॉर्डर’मधून गळालं आणि तिकडे ‘सिटाडेल’मध्ये नेमकं उलट, ज्याला मरू द्यायला हवं होतं त्याला सेनापतीचा गणवेश चढवून दिला.

आता ‘बॉर्डर’लाही दुसरा भाग जोडला गेलाय. सनी देओल पुन्हा आहे, साल पुन्हा 1971 आहे. गल्लीतली पोरं गाडी करून निघाली तेव्हा त्यांनी नानांनाही बोलावलं. पहिल्या वेळी ज्यांच्या बापांनी नानांना नेलं होतं त्यांचीच ही पोरं. नाना ओट्यावर बसले होते. नाही म्हणाले नाहीत, चप्पलही घातली. फक्त गाडीत बसायच्या आधी त्यांनी पोरांना विचारलं, “पहिले मले सांगा, कोन-कोन मारलाय त्याच्यात, अन् त्यातले जिते किती हायेत?”

पोरं मोबाईलवर शोधू लागली.